गिलानुपट्ठान : विनयपिटकातील रुग्णसेवा आणि निसर्गोपचार

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात महाराष्ट्रातील गावोगावच्या विहारांमधून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर आणि गोदावरीच्या खोऱ्यातील त्यासारख्या गावांत हेच तीन महिने ताप, हगवण आणि खोकल्याचे असतात. नव्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरते, डास माजतात, आणि आश्विनाचे ऊन तापू लागले की घरोघरी कोणीतरी अंथरूण धरते. अशा वेळी औषधाचा शोध प्रथम घरातच होतो. हळद, सुंठीचा काढा, ओव्याची फक्की, भाताची पेज, कपाळावर ओली पट्टी, एखाद्या वेळचे लंघन हे उपचार आपल्या आई-आजीने केले आणि आपणही करतो. यांनाच आज 'निसर्गोपचार' असे भारदस्त नाव लाभले आहे.

या उपचारांचा विचार बौद्ध इतिहासाच्या प्रकाशात करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चार-आठ दिवसांच्या आजारात भगवान बुद्धांचा भिक्खुसंघ काय करीत होता, याची अतिशय तपशीलवार नोंद विनयपिटकात आहे. ती वाचली म्हणजे एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. संघाने औषधे पुष्कळ वापरली. परंतु संघाची खरी देणगी औषधांची नाही, आजाऱ्याची जबाबदारी समूहावर टाकणाऱ्या नियमांची आहे.

शरद ऋतूतील आजार

महावग्गातील सहावा खंधक 'भेसज्जक्खन्धक' या नावाने ओळखला जातो. 'भेसज्ज' म्हणजे औषध. श्रावस्ती येथे शरद ऋतूत भिक्खूंना एका आजाराने ग्रासले, या घटनेने त्याचा आरंभ होतो. प्यालेली पेज आणि खाल्लेला भात उलटून पडू लागला. भिक्खू कृश झाले, त्यांचा वर्ण फिकट पडला आणि अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. औषधही असेल आणि शरीराला आधारही देईल, परंतु जड अन्न म्हणून गणले जाणार नाही, अशा पदार्थांचा तथागतांनी विचार केला आणि तूप, लोणी, तेल, मध व गूळ या पाच भेसज्जांना अनुज्ञा दिली. प्रथम ही अनुज्ञा मध्यान्हापूर्वीच्या वेळेपुरती होती. तेवढ्याने भागत नाही असे दिसताच ती मध्यान्हानंतरही लागू करण्यात आली. मध्यान्हानंतर न जेवण्याचा नियम संघात किती काटेकोरपणे पाळला जाई, हे जाणणाऱ्याला या बदलाचे महत्त्व सहज कळेल. आजाऱ्यासाठी नियम वाकला. नियमासाठी आजारी वाकला नाही.

पुढे औषधांची यादी वाढत जाते. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा आणि नागरमोथा येतात. काढ्यांमध्ये कडुनिंब, कुडा, कडू पडवळ आणि करंज आहेत. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत. त्यांच्या जोडीला हिंग आहे, समुद्रमीठ आणि सैंधव आहे. मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या घराच्या फडताळात यांतील निम्म्या वस्तू आजही सापडतील.

या वस्तूंच्या जोडीला उपचारांच्या रीती आहेत. पिलिन्दवच्छ स्थविरांचे डोके दुखू लागले तेव्हा डोक्याला तेल, मग नाकात औषध घालणे आणि धूर घेणे यांना क्रमाक्रमाने अनुज्ञा मिळाली. एका उपायाने गुण आला नाही की दुसरा, हा क्रम लक्षणीय आहे. त्यांना अंगवाताचा त्रास झाला तेव्हा घाम काढण्याचे उपचार सांगितले गेले. त्यांत वनस्पतींचा शेक आहे, औषधी पाल्याचे पाणी आहे आणि पाण्याने भरलेल्या पात्रात बसणेही आहे. सारिपुत्त स्थविरांच्या अंगाचा दाह होऊ लागला असता महामोग्गल्लान स्थविरांनी त्यांच्यासाठी कमळाचे देठ व कंद आणले. पातळ पेजेचे दहा गुण तथागतांनी सांगितले. पेज भूक व तहान शमविते, वात सरळ करते, मूत्राशय शुद्ध करते आणि न पचलेले अन्न पचविते, असे शरीराविषयीचे गुण त्यांत मोजले आहेत. चुल्लवग्गात वैशालीचा प्रसंग आहे. पक्वान्नांच्या सेवनाने भिक्खू स्थूल व रोगी झालेले पाहून वैद्य जीवकाने फेऱ्या मारण्यासाठी चंक्रमणाची जागा आणि वाफेसाठी अग्निशाळा, म्हणजे 'जन्ताघर', यांची मागणी केली आणि ती मान्य झाली. आहार, जल, उष्णता, व्यायाम आणि विश्रांती ही निसर्गोपचाराची पाचही अंगे येथे आहेत.

परंतु इतिहासाचा अभ्यासक निवडून तेवढेच सांगू शकत नाही. त्याच खंधकात सर्पदंशावर शेण, मूत्र, राख आणि माती देण्याचीही अनुज्ञा आहे. इसवी सनपूर्व काळात अरण्यात वसणाऱ्या भिक्खूजवळ दुसरे काही नव्हते. आज सर्पदंश झालेल्या माणसाला असे काही देत बसणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. त्याला प्रतिविष लागते आणि ते रुग्णालयातच मिळते. चिनी भिक्खू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये मायदेशाहून निघाला आणि पुढे नालंदा येथे सुमारे दहा वर्षे राहिला. आजाराच्या आरंभी लंघन करण्याच्या भारतीय भिक्खूंच्या प्रथेची त्याने स्तुती केली. मात्र मलमूत्राची औषधे देण्याच्या आपल्या देशातील चालीचा त्याने कठोर शब्दांत निषेध केला. परंपरा जपणारा आणि तपासणारा, अशी दोन्ही रूपे त्या एकाच भिक्खूत दिसतात.

आजाराचे कारण

आजार का होतो, या प्रश्नाला भारतात फार काळ एकच उत्तर मिळत आले, ते म्हणजे पूर्वजन्मीचे पाप. अस्पृश्यांच्या बाबतीत तर त्यांच्या जन्मालाही हेच कारण सांगण्यात आले. मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच भोगतो, हे मत बरोबर आहे काय? तथागतांनी ते नाकारले. पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूंमधील बदल, विषम आचरण, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. कर्म हे त्यांतील केवळ एक आहे, आणि ऋतूने किंवा कुपथ्याने होणारा आजार तर जो-तो स्वतः अनुभवाने जाणू शकतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. संयुत्तनिकायातील हे लहानसे सुत्त आमच्या मते भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील एक क्रांतिकारक टप्पा आहे. कारण जे शोधता येते ते दूर करता येते. पापावर औषध नसते. गढूळ पाण्यावर असते.

अंगुत्तरनिकायात रुग्णांचे तीन प्रकार वर्णिलेले आहेत. काही रुग्ण उपचार मिळोत वा न मिळोत, बरे होतात. काही उपचार मिळोत वा न मिळोत, बरे होत नाहीत. काही मात्र उपचार मिळाले तरच बरे होतात. या तिसऱ्या प्रकारच्या रुग्णासाठी पथ्याचे अन्न, औषध आणि शुश्रूषक यांची व्यवस्था सांगितली आहे, आणि त्याच्यामुळे उरलेल्या दोघांचीही शुश्रूषा करावी असे म्हटले आहे.

निसर्गोपचाराचे समर्थक आणि विरोधक या दोघांनीही हे वर्गीकरण मनन करण्यासारखे आहे. साधे पडसे, सौम्य ताप, एक-दोन दिवसांची हगवण हे आजार बहुधा पहिल्या प्रकारचे असतात. शरीर स्वतःच त्यांच्यावर मात करते आणि श्रेय मात्र शेवटच्या दिवशी घेतलेल्या काढ्याला मिळते. धोका येथेच आहे. दहा वेळा काढ्याने बरे वाटले म्हणून अकराव्या वेळीही काढाच दिला जातो, आणि तो अकरावा ताप डेंग्यूचा किंवा न्यूमोनियाचा असू शकतो. रुग्ण कोणत्या प्रकारचा आहे हे आरंभी ओळखता येत नाही, म्हणूनच तथागतांनी सर्वांसाठी उपचार सांगितले.

औषधाहून मोठी व्यवस्था

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या अखेरच्या भागात बाबासाहेबांनी तथागतांच्या मानवतेचे वर्णन केले आहे. रुग्णांविषयीची त्यांची आस्था सांगताना हगवणीने आजारी पडलेल्या एका भिक्खूचा महावग्गातील प्रसंग तेथे येतो. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि डोक्याकडून तथागतांनी व पायांकडून आनंदाने उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी संघाला विचारले की, तुम्हाला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार?

येथे करुणा आहेच. परंतु तथागत करुणेवर थांबले नाहीत. त्यांनी नियम केला. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या उपाध्यायाने करावी, तो नसल्यास आचार्याने, तो नसल्यास शिष्याने वा सोबत राहणाऱ्याने, आणि कोणीच नसल्यास संघाने करावी. संघाने ती न केल्यास तो 'दुक्कट' दोष ठरला. आजाऱ्याची उपेक्षा हा अपराध मानणारा हा नियम आहे. भिक्खू मरण पावल्यास त्याचे चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्याला देण्याची प्रथाही याच खंधकात आहे. शुश्रूषा हे श्रम आहेत आणि श्रमाची कदर झाली पाहिजे, हे तत्त्व त्यामागे दिसते.

शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे 'गिलानुपट्ठाका'चे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे. हितकारक काय आणि अहितकारक काय हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, तर मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी व वांती यांची त्याला किळस नसावी. धम्मकथेने त्याला रुग्णाचे मन उल्हसित करता यावे. रुग्णाकडूनही पाच अपेक्षा आहेत : पथ्य पाळणे, प्रमाण जाणणे, औषध घेणे, आपला आजार कमी-अधिक न करता खरा सांगणे आणि वेदना सहन करणे. आजाऱ्याला बोज्झंग ऐकविल्याचे प्रसंगही सुत्तांत आहेत. परंतु भेसज्जक्खन्धकात कोणत्याही मंत्राला औषधाची जागा दिलेली नाही. मनाचा आधार हे शुश्रूषेचे पाचवे अंग आहे, पहिल्या चारांचा पर्याय नव्हे.

या व्यवस्थेला उपासकांचा आधार कसा मिळाला, हे मिगारमाता विशाखेच्या प्रसंगावरून कळते. तिने तथागतांकडे आठ वर मागितले. त्यांपैकी तीन आजाराशी संबंधित आहेत : आजाऱ्यासाठी अन्न, शुश्रूषकासाठी अन्न आणि आजाऱ्यासाठी औषध. नित्य पेजेचे दान हा आणखी एक वर आहे. शुश्रूषकाला अन्न कशाला, याचे तिने दिलेले कारण तिच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देते. शुश्रूषक स्वतःसाठी भिक्षेला गेला तर आजाऱ्याचे अन्न उशिरा पोहोचेल आणि वेळ टळून त्याला उपास घडेल. आजाऱ्याला वाचवायचे असेल तर त्याच्यापाशी बसणाऱ्याच्या पोटाची सोय आधी केली पाहिजे, हे त्या गृहिणीने ओळखले होते.

पितळखोऱ्याचा राजवैद्य

ही परंपरा मगध-कोसलापुरती राहिली नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याचे, जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे आणि मार्गांवर विहिरी खोदल्याचे नमूद केले आहे. मराठवाड्याच्या भूमीवरही तिचा एक पुरावा आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील प्राचीन लेण्यांत, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, मगिल नावाच्या राजवैद्याने आणि त्याच्या कुटुंबीयांनी दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. तेथेच प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, मितदेव नावाच्या गांधिकाचेही दान आहे. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. उमापूर ज्या गोदाखोऱ्यात आहे त्याच खोऱ्यातील हे नगर. वैद्य आणि द्रव्यांचा व्यापारी एकाच लेण्याचे दाते असावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कान्हेरी व जुन्नर येथील लेण्यांसोबत खोदलेल्या 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, हाही या इतिहासाचाच भाग आहे. स्वच्छ पाणी हे पहिले औषध, आणि उपासकांनी ते खडकात कोरून दान दिले.

आधुनिक निसर्गोपचार

आज ज्याला निसर्गोपचार म्हणतात ती चळवळ प्राचीन आहे असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तिचा उगम एकोणिसाव्या शतकातील मध्य युरोपात आहे. प्रिसनिट्झ व क्नाइप यांची जलचिकित्सा, लुई कुहने यांची स्नाने आणि अडॉल्फ जुस्ट यांचे मातीचे उपचार यांतून ती घडली. गांधीजींनी कुहने आणि जुस्ट यांचे ग्रंथ वाचून दक्षिण आफ्रिकेतच हे प्रयोग आरंभिले. पुणे येथील डॉ. दिनशा मेहता यांच्या चिकित्सालयात ते राहत असत. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम स्थापन केला आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे चालविला. महाग औषधे परवडत नाहीत अशा खेड्यातील गरिबांसाठी तो होता, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. परंतु रामनाम हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय असल्याचे प्रतिपादन गांधीजींनी त्याच काळात केले. भेसज्जक्खन्धकाची वाट येथे वेगळी होते.

विज्ञानाने घरगुती उपायांना नेहमीच नाकारले असेही नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचविले. हीच आजची जलसंजीवनी. पुढे तांदळाच्या पिठापासूनही असे द्रावण तयार करण्यात आले. पेजेचे गुण सांगणाऱ्या खंधकाचे हे समर्थन नव्हे, तरी त्या अनुभवाची ही प्रयोगसिद्ध मोजमापे आहेत. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे.

स्पर्शाचा प्रश्न

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात १९२९ च्या 'यंग इंडिया'तील एका पत्राचा उल्लेख आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर दोनच दिवसांनी आजारी पडली. तिला हगवण लागली, पुढे श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टरने वस्तीत येण्यास नकार दिला. नगरशेठने दोन रुपये शुल्काची हमी घेतल्यावर तो आला, तोही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. तान्ह्या मुलासह त्या आजारी मातेला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो पतीला दिला, पतीने पत्नीला लावला, आणि त्याच मार्गाने तो परत गेला. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर निघून गेला आणि त्याने औषध पाठविले. ती स्त्री वाचली नाही.

तेथे शास्त्र होते, उपकरण होते, औषधही होते. गिलानुपट्ठाकाचा चौथा गुण मात्र नव्हता. याच्या उलट, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हगवण लागलेल्या भिक्खूला उचलणाऱ्या हातांचीच ही परंपरा होय.

विश्रांती कोणाला?

निसर्गोपचाराचे पहिले औषध विश्रांती आहे. ते फुकट मिळते असे म्हणतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्रीपुरुष ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याला, म्हणजे 'कोयत्या'ला, एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. फडातील कोपीत तापाने पडलेल्या बाईला विश्रांती ही सर्वांत महाग वस्तू आहे. साध्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याच्या वार्तांनंतर २०१९ मध्ये राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्यांना दोन दिवस निजण्याची मुभा नाही, त्यांना निसर्गोपचाराचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

संघाने आजाऱ्याला ती मुभा नियमाने दिली होती. पंधरवड्यातून एकदाच स्नान करण्याच्या नियमातून त्याला सूट होती. उपोसथाला येणे शक्य नसेल तर त्याची परिशुद्धी दुसऱ्याकरवी कळविता येत असे. त्याचे अन्न, औषध आणि त्याच्यापाशी बसणारा माणूस यांची जबाबदारी निश्चित होती. विहाराभोवती एकत्र येणाऱ्या आपल्या समाजाने या इतिहासातून हेच उचलावे असे आम्हास वाटते. वस्तीत कोण आजारी आहे याची विचारपूस व्हावी. त्याच्या घरी पेज आणि उकळलेले पाणी पोहोचावे. सोबत बसणाऱ्या बाईच्या चुलीची सोय दुसऱ्या घराने करावी. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, शौचावाटे रक्त पडले, लहान मुलाचा श्वास जोरात चालू लागला किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर काढा बाजूला ठेवून त्याला विनाविलंब रुग्णालयात नेण्यासाठी चार माणसे तयार असावीत. खाड्याच्या पैशाचा प्रश्न मात्र शेजारधर्माने सुटणारा नाही. तो कामगाराच्या हक्काचा प्रश्न आहे आणि तो संघटित होऊनच सोडवावा लागेल.

आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे तथागतांनी त्या हगवणीच्या प्रसंगी भिक्खूंना सांगितले. वर्षावासात हे प्रकरण वाचून ग्रंथ मिटला की, वस्तीतील कोणत्या घरात आज कोणी अंथरुणाला खिळले आहे, हे विचारूनच विहाराबाहेर पडावे.